रडारचा पाऊस आणि मापकाचा पाऊस जुळत नाही: झेड-आर बदलू का?

थेंबमोजणी

सी-बँडचं (साधारण ५ सेंमी तरंगलांबीचं) दुहेरी ध्रुवीकरणाचं, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी वापरणारं, रडार आहे. शलाका १ अंश रुंद, सर्वांत खालचा कोन ०.५ अंश, दर ५ मिनिटांनी पूर्ण स्कॅन, गेट (शलाकेवरचा मोजणीचा तुकडा) २५० मीटरचं. खालच्या कोनाची डीबीझेड (परावर्तकता झेड, म्हणजे प्रतिध्वनीची ताकद, डेसिबलमध्ये) घेऊन १ किमीच्या चौकटींत बसवतो, मार्शल-पामर या झेड-आर सूत्राने (झेड = २०० × आर^१.६, आर म्हणजे पावसाचा दर) मिमी/तास काढतो आणि बारा स्कॅनची बेरीज करून तासाचा पाऊस. तुलनेला २२ टिपिंग बकेट (भरलं की उलटणाऱ्या छोट्या बादलीचे) पर्जन्यमापक आहेत, प्रत्येक टिपेला ०.२ मिमी. सध्या शून्य अंशाची पातळी साधारण ३ किमीवर आहे.

रडार भागिले मापक हे गुणोत्तर असं येतंय:

६० किमीच्या आत, हलक्या संततधार पावसात ०.७ च्या आसपास. जोरदार सरींत ०.५५ ते ०.६.

१३० ते १७० किमी, संततधार पावसात १.० ते १.१. म्हणजे इथे अगदी छान जुळतंय.

२०० किमीच्या पुढे रडारवर जवळपास काहीच नाही, मापकात मात्र तासाला ४-५ मिमी.

शिवाय २४० ते २५५ अंशांच्या दिशेला डोंगर आहेत, तिथे कायमच कमी.

जोरदार पावसात जास्त कमी येतंय, म्हणजे घातांक चुकीचा असणार असं वाटतं. झेड = ३०० × आर^१.४ घेऊ, की २५० × आर^१.२? की अंतरानुसार तीन वेगळी सूत्रं लावू?

---

अर्धा अंश

तिन्ही नको. निदान आत्ता नको. झेड-आर हा सगळ्यात शेवटी फिरवायचा स्क्रू आहे, आणि बहुतेक लोक तोच पहिल्यांदा फिरवतात, कारण तो हाताशी असतो.

आधी आकडे बघा. त्याच डीबीझेडला तिन्ही सूत्रं काय देतात:

३० डीबीझेडला मार्शल-पामर २.७ मिमी/तास, ३००/१.४ हे २.४, आणि २५०/१.२ हे ३.२.

४० डीबीझेडला अनुक्रमे ११.५, १२.२ आणि २१.६.

५० डीबीझेडला ४९, ६३ आणि १४७.

३००/१.४ लावलंत तर हलका पाऊस आहे त्याहून कमी होईल, तिथे तर आधीच ०.७ आहे. २५०/१.२ हे उष्णकटिबंधीय सागरी पावसासाठीचं सूत्र, जिथे बारीक थेंब प्रचंड संख्येने असतात. ते लावून हलका पाऊस जेमतेम १६ टक्के वाढेल आणि ५० डीबीझेडला थेट तिप्पट होईल. तुमच्या ०.७ आणि ०.५५ च्या जोडीला यातलं एकही बसत नाही.

दुसरं म्हणजे झेड = ए × आर^बी यात 'ए' बदलणं आणि रडारचं कॅलिब्रेशन काही डीबीने सरकणं यांचा परिणाम हुबेहूब सारखा होतो. दोन्हींत सगळा पाऊस, हलका काय नि जोरदार काय, एकाच आकड्याने गुणला जातो. फक्त मापकाशी तुलना करून यातलं काय बिघडलंय ते कळणार नाही. बी = १.६ असताना १ डीबीची चूक म्हणजे पावसात १५ टक्के, ३ डीबीची चूक म्हणजे दीडपटीहून जास्त. तुमच्या ०.७ ला १६ × लॉग(१/०.७) म्हणजे २.५ डीबी लागतात. रडार अडीच डीबी कमी वाचत असेल ही अगदी रोजची गोष्ट आहे. तसं असताना 'ए' कमी करून पाऊस जुळवलात तर पाऊस जुळेल, पण गारांची ५३ डीबीझेडची कमाल मर्यादा, सरी आणि संततधार वेगळे करण्याचा उंबरठा, हे सगळं अडीच डीबीने चुकीच्या जागी राहील.

आता १३०-१७० किमीचा पट्टा. तिथे "छान जुळतंय" असं म्हणताय, मला तर तुमच्या आकड्यांत तीच जागा सगळ्यात संशयास्पद वाटते. ०.५ अंशाच्या शलाकेचा मध्य किती उंचीवर असतो ते पाहा, शलाका हवेत वाकते म्हणून पृथ्वीची त्रिज्या चार-तृतीयांश धरून:

५० किमीवर ०.६ किमी, १०० वर १.५, १५० वर २.६, २०० वर ४.१.

शून्य अंश ३ किमीवर असेल तर हिम त्याखाली साधारण अर्धा किमी वितळत येतं, म्हणजे २.४ ते ३.० किमी. तुमची शलाका १४० किमीवर २.४ आणि १६० वर २.९ किमीला आहे. म्हणजे बरोब्बर वितळण-पट्ट्यात, ब्राइट बँडमध्ये. वितळणारा हिमकण बाहेरून पाण्याने माखलेला असतो आणि आकाराने अजून हिमाएवढाच मोठा असतो. रडारला तो एक अवाढव्य थेंब दिसतो, कारण परावर्तकता व्यासाच्या सहाव्या घातावर चालते. वितळून झाला की तो लहान होतो, वेगाने पडू लागतो, दर घनमीटरमधली संख्या घटते आणि परावर्तकता खाली येते.

म्हणजे तिथे दोन चुका एकमेकींना झाकताहेत. रडार सगळीकडे ०.७ वाचत असेल तर १.०५ चं खरं गुणोत्तर १.५ होतं, जवळपास ३ डीबीचा फुगवटा. १५० किमीवर शलाका २.६ किमी जाड आणि वितळण-पट्टा अर्ध्या-पाऊण किमीचा, त्यामुळे शिखर पसरट होऊन एवढंच उरणं पटण्यासारखं आहे. कॅलिब्रेशन दुरुस्त केलंत की हा पट्टा बिघडल्यासारखा दिसेल, तेव्हा घाबरू नका.

खात्री करायची तर संततधार पावसात १० अंशाच्या कोनाचा स्कॅन उघडा. वितळण-पट्टा १४ ते १७ किमीच्या अंतरावर गोल कड्यासारखा दिसेल, आणि त्याच कड्यात आडव्या-उभ्या लहरींचा सहसंबंध गुणांक, ऱ्हो-एचव्ही, ०.९८ वरून ०.९०-०.९५ पर्यंत उतरलेला असेल. तसं दिसलं तर पुढे वाद नाही.

---

वर्तुळपाद

वर सगळं बरोबर आहे, पण एक साधा प्रश्न राहिला. २५० मीटरची गेटं १ किमीच्या चौकटीत बसवताना सरासरी कशाची घेताय? डीबीझेडची असेल तर हलका-जोरदार हा फरक तिथेच तयार होतोय.

चौकटीत दोन गेटं आहेत असं धरा, एक २० डीबीझेड, एक ५० डीबीझेड. सरासरी ३५, त्याचा मार्शल-पामर पाऊस ५.६ मिमी/तास. खरा पाऊस मात्र ०.६ आणि ४९ यांची सरासरी, म्हणजे जवळपास २५ मिमी/तास. चौपटीहून जास्त फरक! संततधार पावसात शेजारची गेटं सारखीच असतात, म्हणून तिथे चूक जाणवत नाही. सरींत गेटागणिक १०-१५ डीबीचे उतार असतात, तिथे चांगलीच जाणवते.

आधी आर काढा, मग आरची सरासरी घ्या. काही कारणाने परावर्तकतेचीच सरासरी हवी असेल तर डीबीझेडचं झेड करून. डब्ल्यूरॅडलिब ही रडार-डेटाची पायथन लायब्ररी वापरत असाल तर त्यात डेसिबल उलटवायचं फंक्शन तयार आहे, आणि झेड-आरच्या फंक्शनला तेच झेड द्यायचं असतं. तिथे डीबीझेड तशीच भरली तरी प्रोग्रॅम निमूटपणे कुठला तरी आकडा देतो, तक्रार करत नाही.

जाता जाता: कमाल-परावर्तकतेचं रंगीत चित्र घेऊन त्यावरून पाऊस काढणारेही असतात. त्या चित्रात प्रत्येक ठिकाणी संपूर्ण उंचीतली सर्वांत मोठी किंमत असते, म्हणजे संततधार पावसात सगळीकडे ब्राइट बँडच. ते वादळ ओळखायला आहे, पाऊस मोजायला नाही.

---

थेंबमोजणी

वर्तुळपाद, अगदी तिथेच चूक होती. सरासरी डीबीझेडची घेत होतो. आर काढून सरासरी घेतल्यावर ६० किमीच्या आत हलक्या पावसात ०.७०, जोरदार सरींत ०.६९. घातांकाचा प्रश्न संपला.

१० अंशाच्या स्कॅनमध्ये कडंही दिसलं, १४.५ ते १७ किमी, ऱ्हो-एचव्ही ०.९३ पर्यंत खाली.

आता अडीच डीबी खरंच रडारची चूक आहे की मापकांची, हे मापकांशिवाय कसं ठरवायचं? आणि काही दिवस मोठ्या सरींच्या मागच्या भागात गुणोत्तर अचानक ०.३५ पर्यंत पडतं, ते वेगळंच दिसतंय.

---

फाय-डीपी

दुहेरी ध्रुवीकरण आहे तर कॅलिब्रेशन पावसातच तपासता येतं. पावसात झेड, झेडडीआर (आडव्या आणि उभ्या परावर्तकतेतला फरक) आणि केडीपी (फाय-डीपी दर किमीला किती वाढते ते) या तिन्ही किमती एकमेकींशी बांधलेल्या असतात: दोन कळल्या की तिसरी साधारण ठरते. फाय-डीपी हा आडव्या आणि उभ्या लहरींच्या कलेतला (फेजमधला) फरक आहे, त्याला ट्रान्समीटरची शक्ती किंवा रिसीव्हरचा गेन यांच्याशी देणंघेणं नाही. म्हणून एका किरणावरच्या झेड आणि झेडडीआरवरून अपेक्षित फाय-डीपीची वाढ काढायची आणि मोजलेल्या वाढीशी ताडायची. मोजलेली वाढ सातत्याने जास्त असेल तर झेड कमी वाचतोय. किरण निवडताना काळजी घ्या: वितळण-पट्ट्याच्या खाली, गारा नसलेला, डोंगराआड न गेलेला, रडारवर स्वतःवर पाऊस पडत नसतानाचा, आणि फाय-डीपीची एकूण वाढ किमान १० अंश तरी असलेला, पण इतकीही नाही की क्षीणनच (पावसातून जाताना शलाकेची ताकद घटणं) वरचढ होईल. एका किरणावर विसंबू नका, काहीशे किरणांचा मध्यक घ्या.

त्याआधी झेडडीआर सरळ हवा, ०.१ ते ०.२ डीबीच्या आत. अँटेना सरळ वर, ९० अंशांवर करून हलक्या पावसात फिरवा. खालून पाहिलेला थेंब गोलच दिसतो, म्हणून झेडडीआर शून्य यायला हवा. जे येईल ती तुमची चूक, ती सगळीकडून वजा करा.

सूर्यावरूनही रिसीव्हर तपासता येतो, कारण १०.७ सेंमीवरचा सौर प्रवाह रोज मोजून जाहीर होतो आणि त्यावरून सी-बँडला काय यायला हवं ते काढता येतं. अँटेनाची दिशा आणि कोन चुकलाय का, हेही त्याच वेळी कळतं. अर्ध्या अंशाच्या स्कॅनला ०.२ अंशाची चूक म्हणजे १०० किमीवर ३५० मीटर उंचीचा फरक. मात्र सूर्य ट्रान्समीटरबद्दल काहीच सांगत नाही. पूर्ण साखळी तपासायची तर जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहावरच्या १३.६ गिगाहर्ट्झच्या रडारशी हवेच्या एकाच तुकड्याची तुलना करतात, पण तो डोक्यावरून जाईल तेव्हा पाऊस असावा लागतो.

आता तो ०.३५. सी-बँड, मोठ्या सरींच्या मागे, अचानक: हे क्षीणन. पावसातून जाताना शलाकाच खर्च होते. सी-बँडला फाय-डीपीच्या दर अंशाला साधारण ०.०८ डीबी. जाड सरीतून किरण बाहेर पडताना फाय-डीपी ६० अंशांनी वाढलेली असेल तर ४.८ डीबी गेले, आणि मार्शल-पामरमध्ये पाऊस बरोबर निम्मा झाला. तुमचं ०.७ चं ०.३५ झालंय, जुळतंय ना? म्हणून प्रत्येक गेटला तिथवरची फाय-डीपीची वाढ गुणिले ०.०८ एवढे डीबी परत जोडा. झेडडीआरलाही दर अंशाला ०.०२ च्या आसपास. मोठमोठ्या थेंबांच्या पट्ट्यात हा गुणांक याहून बराच वाढतो, म्हणून ६०-७० अंशांच्या पुढे दुरुस्तीवर फार विश्वास ठेवू नका.

त्यापेक्षा जोरदार पावसाला केडीपीवरूनच पाऊस काढा: आर = १२९ × (केडीपी/वारंवारता)^०.८५, वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये. ५.६ गिगाहर्ट्झला केडीपी १ अंश/किमी म्हणजे ३० मिमी/तास, २ म्हणजे ५४. कॅलिब्रेशन नको, क्षीणनाची भीती नाही, गारांचा त्रास कमी, आणि डोंगराने शलाका अर्धी अडवली तरी कलेतला फरक तसाच राहतो. तुमचा २४०-२५५ अंशांचा भाग यानेच बराचसा सुटेल.

पण केडीपी काढताना हमखास चुकणाऱ्या जागा:

फाय-डीपी जाऊन-येऊन मोजलेली असते. केडीपी म्हणजे तिच्या उताराचा अर्धा. अर्धं करायचं विसरलं की पाऊस १.८ पट.

फाय-डीपी वरच्या टोकाला पोचली की परत खालून सुरू होते. ती उडी आधी सरळ केली नाही तर तिथे भलामोठा उणे केडीपी येतो.

सी-बँडला ५-६ मिमीचे थेंब स्वतःच कला थोडी सरकवतात. फाय-डीपीवर एक टेंगूळ येतं, पुढे परत उतरतं. त्याच्या चढावर केडीपी खोटा वाढतो, उतारावर उणा जातो. उतार काढण्याआधी हे टेंगूळ घासून काढावं लागतं.

उतार काढण्याची खिडकी लांब घेतली की शिखर बोथट होतं, आखूड घेतली की नुसता गोंगाट. जोरदार पावसात २-३ किमी, मध्यमला ५-६ किमी ठीक.

आणि हलक्या पावसात केडीपी वापरूच नका. ५ मिमी/तासला केडीपी जेमतेम ०.१२ अंश/किमी असतो, तेवढा तर मोजणीचाच गोंगाट. १० मिमी/तासच्या खाली झेड, वर केडीपी, मध्ये थोडं मिश्रण. उंबरठा एकदम लावलात तर नकाशावर कडा उमटतात.

---

कोरडं नरसाळं

सगळे रडारला धरून बसलेत, मापकांनाही जरा उभं करा.

०.२ मिमीची एक टीप ५ मिनिटांत पडली तर २.४ मिमी/तास, शून्य टिपा पडल्या तर शून्य. मधलं काही नाही. त्यामुळे ५ मिनिटांची तुलना करण्यात अर्थ नाही, तास किंवा त्याहून जास्त घ्या. नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंमीचं असेल तर तुमची १ किमीची चौकट त्याच्या पाच कोटी पट आहे. सरींच्या पावसात एका मापकाचं एका चौकटीशी भांडण लावून काहीच सिद्ध होत नाही.

नरसाळं अर्धवट तुंबलं की त्याची खूण ठरलेली: रडारवर पाऊस थांबल्यावरही मापक एका संथ, समान लयीत टिपा देत राहतो, तासन् तास. पूर्ण तुंबलं तर सोपं, शून्य येतं आणि पकडलं जातं. अर्धवट तुंबलेलं दिवसाच्या बेरजेत बहुतेक वेळा लपून जातं, म्हणून तासाच्या आलेखावर डोळ्यांनी बघा. अतिजोरदार पावसात बकेट उलटताना येणारं पाणी मोजलं जात नाही, त्यामुळे १०० मिमी/तासच्या पुढे मापक स्वतःच कमी दाखवतो. वारा असेल तरीही कमीच.

घड्याळ तपासा. मापक स्थानिक वेळेत, रडार जागतिक वेळेत, इथपर्यंत सगळे बघतात. पण तासाची वेळ सुरुवातीची लिहिलीय की शेवटची, हे दोघांत वेगळं असतं, आणि त्याने एक तास सरकलेला डेटा महिनोन् महिने कुणाला कळत नाही.

थेंब खाली यायला वेळ लागतो: दीड किमीवरून ७ मीटर/सेकंदने साडेतीन मिनिटं. वारा १० मीटर/सेकंद असेल तर तेवढ्यात तो २ किमी सरकतो, म्हणजे दोन चौकटी. यावर काही जण आजूबाजूच्या नऊ चौकटींतली सर्वांत जुळणारी घेतात. ते करू नका, ती फसवणूक आहे, त्याने गुणोत्तर आपोआप १ कडे ओढलं जातं. नऊंची सरासरी घ्या, किंवा वाऱ्याप्रमाणे सगळा नकाशा एकसारखा सरकवा.

गुणोत्तरही नीट काढा. समजा तीन मापक १, २० आणि ३० मिमी सांगतात आणि रडार ०.२, १४ आणि २१. प्रत्येकाचं मापक-रडार गुणोत्तर काढून सरासरी घेतली तर २.६. बेरजेला बेरजेने भागलं तर ५१/३५.२ म्हणजे १.४५. एका भुरभुरीच्या मापकाने सगळं जवळपास दुप्पट केलं. बेरीज भागिले बेरीज, आणि दोन्हीकडे किमान अर्धा मिमी असेल तरच ती जोडी धरायची.

---

रोजचा हिशेब

मला वाटतं इतकं खोलात न जाता दर तासाला सगळ्या मापकांची बेरीज भागिले रडारची बेरीज काढून पूर्ण नकाशाला गुणलं तर ८० टक्के काम होतं. २२ मापक काही कमी नाहीत.

---

अर्धा अंश

नाही पटलं. त्यांच्याच आकड्यांवर करून बघा. जवळचे मापक म्हणतात १/०.७ ने गुणा, १५० किमीचे म्हणतात काही करू नका, २०० च्या पुढचे म्हणतात अनंताने गुणा. एकच आकडा काढला तर तो तिघांपैकी कुणाचाच नसतो, आणि संततधार-सरी असा पाऊस बदलला की रोज वेगळा येतो.

क्रम असा ठेवा. पहिलं कॅलिब्रेशन, मग क्लटर (जमिनीचे प्रतिध्वनी) आणि डोंगराचा अडथळा, मग क्षीणन, मग उंचीची दुरुस्ती, मग पाऊस, आणि सगळ्यात शेवटी मापकांनी जुळवणं. शेवटच्या पायरीला उरलेली चूक लहान आणि सगळीकडे साधारण सारखी असेल तेव्हा रोजचा हिशेब म्हणतात तसा एक आकडा खरंच पुरतो. मग त्यावर मापकांनुसार स्थानिक फेरफार करायला हरकत नाही.

उंचीच्या दुरुस्तीसाठी संततधार पावसात २० ते ७० किमीच्या पट्ट्यातले सगळे कोन घेऊन परावर्तकतेचा सरासरी उभा आलेख बनवा, तासाभराचा. तिथे शलाका अजून बारीक असते, वितळण-पट्टा स्पष्ट येतो. मग तो आलेख १५० किमीवरच्या २.६ किमी जाड शलाकेने पाहिला तर किती दिसेल ते काढून, जमिनीजवळच्या किमतीशी जो फरक येईल तो तिथल्या डीबीझेडमधून वजा करा. आलेख तसाच, न पसरवता लावला तर १५० किमीवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त वजा होईल. सरींना ही दुरुस्ती लावायची नाही, त्यांच्यात असा सपाट वितळण-पट्टा नसतो, उगाच पाऊस कापला जातो.

२०० च्या पुढे मात्र झाकून टाका. तिथे शलाकेचा मध्य ४.१ किमीवर, खालची कड साधारण २.४ किमीवर. उथळ पाऊस शलाकेच्या खालूनच जातो आणि वर जे दिसतं ते कोरडं हिम, त्याची परावर्तकता पाण्याच्या मानाने किरकोळ. जिथे प्रतिध्वनीच नाही तिथे कशानेही गुणून पाऊस येत नाही. नकाशावर शून्य लिहू नका, "माहिती नाही" लिहा. या दोहोंतला फरक पुढे धरणाचा पाणलोट मोजणाऱ्याला फार महागात पडतो.

---

थेंबमोजणी

फाय-डीपीवरून २.३ डीबी कमी वाचन आलं, ११० किरणांचा मध्यक. झेडडीआर ०.३ ने जास्त होता, तो आधी काढला. आता ६० किमीच्या आत ०.९७, आणि १५० किमीवर अर्धा अंश म्हणाले तसं १.५ झालंय, उंचीची दुरुस्ती अजून लावायची आहे. मापकांपैकी दोन अर्धवट तुंबलेले निघाले.

बेरजेचा एक प्रश्न: वेगाने सरकणाऱ्या सरींत तासाच्या नकाशावर माशाच्या काट्यासारखे पट्टे येतात.

---

वर्तुळपाद

सर ताशी ६० किमीने जात असेल तर दोन स्कॅनच्या मध्ये ती ५ किमी सरकते. ४ किमीची सर असेल तर मधल्या चौकटींवर ती कधी पोचलीच नाही असं बेरजेला वाटतं, म्हणून काटे. दोन लागोपाठच्या नकाशांवरून सरकण्याची दिशा आणि वेग काढा, मधली चार एक-एक मिनिटाची चित्रं तयार करा आणि मग बेरीज. नुसतं दोन नकाशांत सरळ अंतर्वेशन करू नका, त्याने एक सर विरघळते आणि दुसरी उगवते, काटे तसेच राहतात.

एखादा स्कॅन गहाळ असेल तर बाराऐवजी अकराच बेरजेत येतात आणि गुपचूप ८ टक्के कमी होतात. वेळेच्या प्रत्यक्ष अंतराने गुणा. सलग १५ मिनिटांहून जास्त गहाळ असेल तर तो तास सोडून द्या.

---

फाय-डीपी

एक राहिलं. क्षीणनाची दुरुस्ती लावण्याआधी सिग्नल प्रोसेसरने ती आधीच लावलेली नाही ना, ते बघा. दोनदा लागली की जाड सरींच्या मागे गुणोत्तर एकदम २ च्या आसपास जातं, आणि लोक ते गारांवर ढकलतात.

फाईल ओडीआयएम स्वरूपाची असेल तर टीएच हे क्लटर-गाळणीपूर्वीचं आणि डीबीझेडएच हे नंतरचं, दोन्ही उघडून वजाबाकीचा नकाशा काढा. जमिनीचे प्रतिध्वनी काढणारी डॉप्लर गाळणी शून्य वेगाजवळचं सगळं खाते, आणि वारा शलाकेला काटकोनात असेल तिथे पावसाचा वेगही शून्यच दिसतो. संततधार पावसात रडारमधून जाणारी एक अरुंद पट्टी, जिथे ही वजाबाकी ५-१० डीबी आहे आणि डोंगर मात्र नाही, ती गाळणीने खाल्लेला पाऊस. तिथे ऱ्हो-एचव्ही ०.९७ च्या वर असेल तर गाळणीआधीची किंमत परत घ्या.

---

थेंबमोजणी

आहे तशी पट्टी. २० अंशांवरून २०० अंशांकडे. डोंगर तिथे नाहीत. आणि प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये क्षीणन-दुरुस्ती बंदच होती, म्हणजे तेवढं तरी एकदाच लागतंय.